चाळीस सेकंदांचे गिऱ्हाईक

बान नाँग साय
९ ऑक्टोबर

जियाप,

खाली घ्या, वर घ्या, असं चार माणसं ओरडतायत आणि तुझं यंत्र क्रेनच्या आकड्याला लटकलंय. मीच थांबवलंय. ते लटकतंय तोवर हे लिहून घेते, कारण बस अकराला सुटते आणि पत्रासाठी ड्रायव्हर थांबत नाही.

तुझ्या माणसांनी जागा मोजली, खडूने चौकोन काढला, सगळं रीतसर. पण दुपारी यंत्राची सावली जागेच्या राखणदार देवाच्या घरकुलावर पडेल हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. राखणदार या जागेत माझ्या आधीपासून राहतो. त्याच्या दारात अंधार करून माझ्या दुकानात नूडल्स खायला कोण येणार? मी म्हटलं, दोन हात सरकवा. तुझा इंजिनियर म्हणाला, "आजी, जमिनीत छिद्रं पाडून झालीत."

"आजी असेल तुझी. पुन्हा पाड."

आता पाडतायत. सगळं गाव बघायला जमलंय. मी राखणदारापुढे लाल सरबताची बाटली ठेवली आणि सांगितलं, भाचीचं आहे, भाची डॉक्टर आहे, माणसांची नव्हे, विजेची, सांभाळून घे.

एक विचारते. हे यंत्र फेब्रुवारीनंतर परत नेतील, असं क्रेनवाला म्हणतो. खरं का? मग इतकी छिद्रं कशाला?

सोबत बरणी पाठवतेय. मुरवलेली मासळी आहे. झाकण सैल ठेव, नाहीतर फुगते.

मावशी

*

बँकॉक
१५ ऑक्टोबर

मावशी,

बरणी मिळाली. पत्र दुसऱ्या दिवशी मिळालं. प्रयोगशाळेचा फ्रिज आता टाकून दिला आहे.

क्रेनवाला म्हणतो ते खरं आहे. बँकॉकमध्ये असे जलद चार्जर चौकाचौकात आहेत. माझं म्हणणं एवढंच, की मोठ्या रस्त्यापासून लांब, लहान गावात, विजेची तार कमजोर असली तरी तो चालेल आणि लोक येतील. विभागात असं म्हणणारी मी एकटी. थेविन सरांनी मला एक यंत्र आणि चार महिने दिले. सोळा फेब्रुवारीला समिती पाहणीला येईल. दिवसाला सरासरी आठ वापर झालेले नसतील तर यंत्र एका मॉलच्या तळघरात जाईल. तिथे आधीच नऊ आहेत. माझी नेमणूकही त्याच दिवशी संपेल.

वापराची नोंद यंत्र मला आपोआप पाठवतं. किती वाजता, किती वेळ, किती टक्के. तुझ्याकडून मला माणसं हवीत. ती का येतात, काय बोलतात. हाताने लिहून पाठव, कारण फोनवर तू ओरडतेस आणि मग ठेवून देतेस. गिऱ्हाइकांना काही सांगू नकोस, काही सुचवू नकोस. प्रयोग बिघडतो. चार महिने चार्जिंग फुकट आहे, तेवढं मात्र सांग.

आणि यंत्राला हार घालू नकोस. मी तुला ओळखते म्हणून लिहितेय.

जियाप

*

बान नाँग साय
३ नोव्हेंबर

जियाप,

हार घातलेला नाही. रंगीत फीत बांधली आहे. फीत म्हणजे हार नव्हे.

पहिले वीस दिवस कुणी आलं नाही. एक कुत्रा यंत्राला टेकून झोपतो, तो धरायचा असेल तर धर. मी रोज फडक्याने पुसत होते आणि तुझ्या नेमणुकीचा विचार करत होते.

एकतीस तारखेला संध्याकाळी मास्तर बुनलू आला. तू लहान असताना शाळेत गणित शिकवायचा तो. आता निवृत्त आहे. गावात विजेची गाडी त्याच्या एकट्याकडे, तीही मुलाने घेऊन दिलेली. यंत्राला जी जाड काळी सोंड आहे ती त्याने गाडीला लावली. माझा बर्फाचा फ्रीजर कण्हला, दिवा जरा मंद झाला, पण गेला नाही. तुझी तार टिकली. मास्तरने नूडल्स मागवल्या. त्या गार होतायत असं मी ओरडले म्हणून त्याने घाईने सोंड काढली. पडद्यावर सत्तेचाळीस टक्के होते. सगळ्यांनी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी एक तारीख होती. तेव्हापासून लोक यायला लागलेत. का, ते मी कसं सांगू? काही सुचवायचं नाही असं तूच म्हणालीस.

मावशी

*

बँकॉक
२ डिसेंबर

मावशी,

मला नीट लिहवत नाही. नोव्हेंबरची सरासरी अकरा आली! थेविन सर स्वतः माझ्या टेबलाशी आले. आजवर ते मला जिन्यातही ओळखत नव्हते.

आकडे विलक्षण आहेत. पंधरा नोव्हेंबरला चौतीस वापर. तीस नोव्हेंबरला एकेचाळीस. पण एक, दोन आणि सतरा तारखेला शून्य. आणि प्रत्येक वापर फक्त चाळीस सेकंदांचा. चाळीस सेकंदांत गाडी गावाच्या वेशीपर्यंतही जाणार नाही. मग ते येतात कशाला?

सरांनी उत्तर शोधलं आहे. वाटेत बॅटरी संपेल या धास्तीने गाडी भरलेली असतानाही चालक वारंवार एकेक घोट घेतात. सरांनी त्याला 'घोट-वर्तन' असं नाव दिलं आहे. जगात हे कुणी नोंदवलेलं नाही. सर यावर निबंध लिहून सिंगापूरला पाठवणार आहेत. माझं नाव तिसरं आहे.

दोन गोष्टी कळव. महिन्याच्या मध्याला आणि शेवटी तुमच्याकडे बाजार भरतो का? आणि रोज सकाळी सहाला यंत्राच्या मागच्या जाळीपाशी उष्णता का वाढते? सर म्हणतात, पहाटेची दमट हवा.

चालक खरोखर धास्तावलेले दिसतात का?

जियाप

*

बान नाँग साय
८ डिसेंबर

जियाप,

हो, काळजीत दिसतात. भविष्याच्या.

सोंड लावतात, पडद्याकडे टक लावतात, सोंड काढतात, मान डोलावतात, कागदावर काहीतरी लिहून घेतात आणि निघून जातात. एवढी अभ्यासू माणसं या गावात आहेत हे मला साठ वर्षांत कळलं नव्हतं. कधी कधी दोघांत वाद होतो. परवा कोंबडीवालीने न्हाव्याला हाडकुळा म्हटलं, त्याने तिला आंधळी म्हटलं. मग दोघांनी एकेक वाडगा खाल्ला.

बाजार भरत नाही. पण बाजारासारखं असतं.

सहा वाजताच्या उष्णतेचं मला ठाऊक नाही. त्या वेळी मी उदबत्त्या लावत असते, माझं यंत्राकडे लक्ष नसतं.

आठाच्या वर गेले म्हणतेस. मग आता नेणार नाहीत ना? मी दोन नवी टेबलं घेतली आहेत.

मावशी

*

बँकॉक
१८ जानेवारी

मावशी,

हे पत्र चारदा लिहून फाडलं.

यंत्र तपासायला आलेल्या कारागिराने सोंडेतून मुंग्या काढल्या आणि पडद्यावरची पांढरी भुकटी पुडीत घालून आणली. आम्ही तपासली. अंगाला लावायची पावडर निघाली, चमेलीच्या वासाची. सरांच्या मते तुमच्या मातीत ते खनिज असावं. त्यांनी भूगर्भवाल्यांना कळवलं आहे. वासाबद्दल ते काही बोलले नाहीत.

पण मुद्दा तो नाही. गाड्यांचे क्रमांक आजवर आम्हाला दिसत नव्हते, परवानगी आता मिळाली. नोव्हेंबरपासूनचे सगळे वापर एकाच गाडीचे आहेत. मास्तर बुनलूंच्या. पंधरा डिसेंबरला ते अडतीस वेळा आले होते.

मावशी, एक गणिताचा मास्तर दिवसातून अडतीस वेळा तुझ्या दुकानासमोर चाळीस सेकंद थांबतो आणि जातो. याचं कारण बॅटरी नाही, हे कळायला संशोधन लागत नाही. फीत, पावडर, नवी टेबलं. तू सगळं का लपवत होतीस ते आता समजलं. काका जाऊन नऊ वर्षं झाली. आईशी बोलले, तिचीही हरकत नाही. ती म्हणाली, मास्तर स्वभावाने बरा आहे.

फक्त समितीला मी काय सांगू? एका माणसाला धीर होत नाही म्हणून आमचं यंत्र चालतंय? कृपा करून त्यांना काय ते हो किंवा नाही सांगून टाक. शक्यतो सोळा फेब्रुवारीच्या आत.

तुझी,
जियाप

*

बान नाँग साय
२२ जानेवारी

जियाप,

उचलली जीभ लावली टाळ्याला! वर आईलाही सांगितलंस! तिने कालच मला साडेतीन वार रेशीम पाठवलं, सोबत चिठ्ठी, "रंग आवडला नाही तर बदलून मिळेल."

बुनलू? तो नूडल्सचं पाणी फुंकून पितो आणि फुंकताना शिटी वाजते. त्याच्याशी मी लग्न करीन?

आता ऐक. पंधरा आणि तीस. दुसऱ्या दिवशी सोळा आणि एक. लॉटरीची सोडत कधी असते? तू याच देशात जन्मलीस ना? की पीएचडी घेताना काढून घेतात?

एक नोव्हेंबरच्या सोडतीत शेवटचे दोन आकडे सत्तेचाळीस आले. मास्तरने तिकीट घेतलं होतं, कोंबडीवालीने घेतलं होतं, भिक्खूंच्या स्वयंपाक्याने सुद्धा घेतलं होतं. संध्याकाळी यंत्रापुढे सतरा सरबताच्या बाटल्या होत्या. मुंग्या तिथून आल्या. सोंड काढताना जो आकडा दिसतो तो खरा, असं ठरलं. कुणाला टक्के दिसतात, कुणाला मिनिटं, कुणाला युनिट. ज्यांना काहीच दिसत नाही ते काचेवर पावडर चोळून बघतात, आकडे उमटावेत म्हणून जुन्या झाडाच्या खोडावर चोळतात तशी. ती तुझी माती. उदबत्त्या मागच्या जाळीत खोचतात, कारण पुढे जागा उरत नाही.

गाडी एकच, म्हणून मास्तर सगळ्यांसाठी सोंड लावतो. आकडा बदलावा म्हणून मधेमधे तळ्याला चक्कर मारून येतो. तो माझ्याकडे बघतही नाही. बघायला त्याला वेळ कुठे आहे?

मी लपवलं ते तुझ्यासाठी. आठ हवे म्हणालीस, अकरा दिले. वीस दिवस ते यंत्र एकटं उभं होतं, ते मी रोज पाहिलं होतं. शिवाय सत्तेचाळीसनंतर एकदाही बरोबर आकडा आलेला नाही, तरी लोक येतात. माझ्या मते यालाच श्रद्धा म्हणतात. तुझे सर घोट म्हणोत.

रेशीम ठेवून घेतलं आहे. त्याचा काही संबंध लावू नकोस.

मावशी

*

बँकॉक
२ फेब्रुवारी

मावशी,

क्षमा कर. आईला सांगितलं. तिने विचारलं, मग रेशीम परत येणार का?

थेविन सरांनाही सांगितलं. सरांनी उठून दार लावलं. मग म्हणाले, "निबंध स्वीकारला गेलाय. तू गप्प राहा. समितीला अकरा दिसतायत, अकरा दिसू देत."

मला ते जमणार नाही. यंत्र राहावं असं मला कुणाहीपेक्षा जास्त वाटतं. पण अकरा खोटे आहेत. उद्या याच आकड्यांवर दुसऱ्या पन्नास गावांत यंत्रं बसतील आणि प्रत्येक गावात मास्तर बुनलू असणार नाहीत.

माझ्याच कामाची पाहणी असल्यामुळे मला समितीबरोबर यायला मनाई आहे. सोबत बंद पाकीट आहे. त्यात सगळं खरं लिहिलं आहे. समितीचे अध्यक्ष, फायरोत साहेब, गाडीतून उतरतील तेव्हा त्यांच्या हातात दे. सरांच्या हातात नको. उघडू नकोस.

सहीखाली तारीख घातली आणि मगच रडले. म्हणजे कागद कोरडा आहे.

जियाप

*

बान नाँग साय
१६ फेब्रुवारी, संध्याकाळ

जियाप,

पाकीट मी उघडलं नाही. वाफेवर धरून बघितलं, पण चिकटपट्टी लावली होतीस. शहाणी आहेस.

खरं सांगते, द्यायचं नाही असंच मी ठरवलं होतं. ते पिठाच्या डब्यात होतं. आज सोडतीचा दिवस, सकाळपासून शंभर माणसं हजर, प्रत्येकाच्या हातात पावडरचा डबा. मी मनात म्हटलं, समिती येईल, गर्दी बघेल, खुश होऊन जाईल. पत्राचं पीठ झालं तर झालं.

अकराला यायचे होते. साडेबारा झाले. मग मंदिराच्या वळणावर एक पांढरी व्हॅन दिसली. बैल दमल्यावर चालतो तशी ती येत होती. काचा खाली, आत सहा माणसं, सहाही घामाने निथळलेली, कोट मांडीवर. तुझे सर पुठ्ठ्याने अध्यक्षांना वारा घालत होते.

व्हॅन विजेची. विभागाने नवी घेतली म्हणे. खोन केनला भरून घेऊ, असं ड्रायव्हर म्हणाला होता. तुझे सर म्हणाले, चार्जर बघायलाच चाललोय, तिथेच भरू, शोभून दिसेल. मग रस्ता चुकले. शेवटचे चाळीस किलोमीटर गार हवा बंद, रेडिओ बंद. चढावर दोघांनी उतरून ढकललं. त्यातले एक अध्यक्ष होते.

ड्रायव्हरचं नाव नोप. किडकिडीत आहे. त्याने सोंड लावली आणि तिथेच जमिनीवर बसला. पडद्यावर तीन टक्के. हात जोडून म्हणाला, "चाळीस किलोमीटर मी या आकड्याशिवाय काही बघितलेलं नाही."

फ्रीजर कण्हला. तार टिकली.

मग गंमत झाली. गर्दी सोंड निघायची वाट बघत होती आणि सोंड निघेना. चाळीस सेकंद झाले, चार मिनिटं झाली. आकडा नुसता चढत चालला. यंत्र एवढा वेळ काम करतं हे गावाने आज पहिल्यांदा पाहिलं. न्हावी ओरडला, "अहो, काढा की! पोट फुटेल तिचं!" मास्तर बुनलू मधे उभा राहिला आणि म्हणाला, "मागे व्हा. ही गाडी खरंच भुकेली आहे." शाळेतल्यासारखा आवाज लावला. सगळे मागे झाले. मी सुद्धा.

अध्यक्षांनी तीन वाडगे खाल्ले. तिसऱ्याच्या वेळी त्यांच्या तोंडाला रंग आला, तेव्हा मला वाटलं, हा माणूस आत्ताच मरता मरता वाचलाय, याच्याशी खोटं बोलू नये. पिठातून पाकीट काढलं, झटकलं आणि वाडग्याशेजारी ठेवलं. तुझे सर पांढरे पडले. पीठ थोडं त्यांच्यावरही उडालं होतं.

अध्यक्षांनी पत्र दोनदा वाचलं. बाहेर पाहिलं. फीत, बाटल्या, पावडर, सगळं.

मला म्हणाले, "ताई, ही मुलगी लिहिते की इथे खरी गाडी एकही आलेली नाही."

मी म्हटलं, "तिला ठाऊक नव्हतं ना साहेब, तुम्ही येणार ते. म्हणजे भुकेले येणार ते."

"मॉलमध्ये नऊ आहेत म्हणे."

"तिथवर ढकलत न्यावी लागली असती."

ते हसले नाहीत. सरांकडे वळून म्हणाले, "थेविन, घोट-वर्तन म्हणजे हेच का?" सर म्हणाले, अजून पुरेसा अभ्यास झालेला नाही.

मग अध्यक्षांनी पेन काढलं आणि तुझ्या पत्राच्या पाठीमागे लिहिलं. मला उतरवून घेऊ दिलं. जसंच्या तसं देते:

"वापर एक. खरा. मुदत सहा महिने वाढवावी. पत्र लिहिणारीलाही ठेवावं."

आणि सही.

चौतिसाव्या मिनिटाला नोपने सोंड काढली. एक्क्याऐंशी टक्के. ऐंशीच्या पुढे फार हळू चढतं, तिथे थांबू नये, हे तूच त्याला शिकवलंस म्हणाला. शंभर माणसांनी एक्क्याऐंशी लिहून घेतलं. समितीतल्या दोघांनी सुद्धा. तुझे सर बूट बांधायला वाकले आणि तळहातावर लिहिलं. निघताना अध्यक्ष हळूच मला म्हणाले, "एक्क्याऐंशीच ना?"

चारला सोडत झाली. शेवटचे दोन आकडे शून्य तीन.

ते तिकीट गावात कुणाकडेही नव्हतं. एकट्या नोपकडे होतं, ते तीन टक्के बघून घेतलेलं.

गावाने यंत्राला जे काही म्हटलं ते लिहीत नाही. फीत काढून टाकली. बाटल्या आपापल्या घरी नेल्या. पाचला दुकानासमोर चिटपाखरू नव्हतं, फक्त तो कुत्रा. मास्तर मागे थांबून पडद्यावरची पावडर पुसत होता. मग वाडगे घासायला बसला. काही समजू नकोस. वाडगे पुष्कळ होते.

राखणदाराला मी सरबत ठेवलं. त्याने काही मागितलेलं नाही.

मावशी

ता. क. १७ फेब्रुवारी, सकाळ. बस अजून यायची आहे. पावणेसातला मुकदाहानकडून एक करड्या रंगाची गाडी आली. बाई चालवत होती, मागच्या सीटवर दोन मुलं झोपलेली. अकरा टक्के. एकोणतीस मिनिटं लावली. एक वाडगा, तिखट कमी. पडद्याकडे तिने एकदाही पाहिलं नाही. तुझ्यासाठी एक वही केली आहे, तीत लिहिलं आहे: वापर दोन.